पाण्याशी ओळख करून देणाऱ्या एस्तरबाई

श्रीमती एस्तरबाई चौलकर यांना मी प्रथम पाहिले तेव्हा त्या विद्यार्थिनींच्या बाकावर बसलेल्या होत्या. पनवेलच्या आमच्या मुलींच्या शाळेत सहशिक्षिका म्हणून मी त्याच दिवशी रुजू व्हायला आले होते. एस.टी.त अंग आंबून गेलेले, हातात ट्रंक आणि मनात मुख्याध्यापिकाबाईंची धास्ती. शिपायाने चौथीच्या वर्गाकडे बोट दाखवले. आत पाहते तो चाळिशी ओलांडलेल्या एक बाई त्या बुटक्या बाकावर अवघडून बसल्या आहेत, हातात टकळी आहे, आणि शेजारी उभी असलेली परकरातली मुलगी त्यांना सांगते आहे, "बाई, तुम्ही पेळू घट्ट धरता, म्हणून सूत तुटतं." बाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "बरं, परत दाखव." सूत पुन्हा तुटले. बाई पुन्हा म्हणाल्या, "परत दाखव." मला वाटले, ही कुणी नवखी शिक्षिका असावी. त्याच मुख्याध्यापिका निघाल्या.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षे झाली होती, आणि शाळाशाळांतून सूतकताई सुरू झाली होती. पुष्कळ ठिकाणी मुलींच्या हातात टकळ्या देऊन बाई खुर्चीवर डुलक्या घेत. एस्तरबाईंना ते जमणारे नव्हते. जे आपल्याला येत नाही ते आधी शिकायचे, आणि ज्याला येते त्याच्याकडून शिकायचे, मग तो परकरातला गुरू का असेना, असा त्यांचा खाक्या. दिवाळीपर्यंत बाईंचे सूत त्या मुलीच्या सुताहून बारीक निघू लागले. मुलीने ते सगळ्या वर्गाला मिरवून दाखवले, आणि बाई तिच्याहून जास्त खूश झाल्या.

बाई बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातल्या. घराणे मूळचे चौलकडचे, वडील सरकारी नोकरीत, त्यामुळे शिक्षणाला घरात मान. त्यांच्या घरात मराठीच बोलली जाई, आणि ती आमच्याहून स्वच्छ. शुक्रवारी दिवेलागणीला त्या हातातले काम खाली ठेवीत ते दुसऱ्या दिवशी तिन्हीसांज होईपर्यंत. शनिवारच्या सकाळच्या शाळेपुरती त्यांनी आपल्या धर्माकडून कशी सवलत मिळवली होती ते त्यांना आणि त्यांच्या देवाला ठाऊक. त्या दिवशी खडूला मात्र त्या हात लावीत नसत. फळ्यावर मुलीच लिहीत, आणि शनिवारी आपला नंबर लागावा म्हणून भांडत.

माझ्यावर त्यांचे पहिले उपकार झाले ते माझ्या आवाजावर. वर्गात उभी राहिले की माझा आवाज थरथरू लागे, आणि सातवीच्या थोराड मुली तोंडाला पदर लावून हसत. आठवड्याभरात मी राजीनाम्याच्या गोष्टी बोलू लागले. बाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "सुमतीबाई, उद्या तुम्ही फक्त हजेरी घ्या आणि बाहेर या. पुढचं मी बघते." मी हजेरी घेतली. मग काही दिवस हजेरी आणि एक कविता. मग कविता आणि तिचा अर्थ. "अर्थ सांगताना आवाज कापला तर?" मी विचारले. "कापू दे की. परवापर्यंत हजेरीलाही कापत होता," त्या म्हणाल्या. पुढे शिक्षणखात्याचे दिपोटीसाहेब तपासणीला आले तेव्हा बाईंनी मुद्दाम माझाच तास दाखवला. मागच्या भिंतीला टेकून त्या उभ्या होत्या. तास संपला तेव्हा मला कळले की मी एकदाही त्यांच्याकडे पाहिलेले नाही.

आता ज्या कामामुळे एस्तरबाईंचे नाव पनवेलात घरोघरी झाले, त्याकडे येते. त्याची सुरुवात आनंदाची नाही.

तारा ही आमच्या पाचवीतली मुलगी. घर तलावाच्या अंगाला, वडील भाताच्या गिरणीत कामाला, आई यमुनाबाई चार घरची धुणी करणारी. एका रविवारी सकाळी आईच्या मदतीला तारा घाटावर आली होती. घासलेली कळशी पायरीवरून घरंगळली. ती धरायला तारा वाकली, शेवाळावर पाय सरकला आणि ती गेली. घाट बायकांनी भरलेला होता. आरडाओरड झाली, कुणी लुगड्याचे टोक फेकले, ते तिच्यापर्यंत पोचले नाही. तलावामागेच राहणाऱ्या एस्तरबाई धावत आल्या होत्या, आणि त्या लुगड्याचे दुसरे टोक त्यांच्या हातात होते. बाजारातून माणसे येऊन त्यांनी बुड्या मारल्या, पण तोवर उशीर झाला होता. यमुनाबाई पायरीवर बसून होत्या.

कित्येक दिवस बाई शाळेत कामापुरतेच बोलत. मग एकदा मधल्या सुट्टीत मला म्हणाल्या, "घाटभर बायका होत्या हो. पोहता येणारी एकही नव्हती. आपले मुलगे विहिरींवर उड्या मारत हिंडतात, आणि धुणं, पाणी, भांडी सगळं बायकांच्या वाट्याला. पाण्याशी ज्यांचा रोजचा संबंध, त्यांनाच पोहता येत नाही. असं का?" मी म्हटले, "रीतच आहे तशी." त्या म्हणाल्या, "मग ती मोडायची. पण आधी मला शिकायला हवं."

बाईंना पाण्याची मनस्वी भीती, हे इथे सांगितले पाहिजे. होडीतून उरणला जायचे म्हटले तरी त्या डोळे मिटून बसत. अशा बाईंनी गुरू धरला तो कोळीवाड्यातल्या हिराबायचा. हिराबाय बंदरावरून मासळीची पाटी घेऊन घरोघरी फिरे. लहानपणी बापाबरोबर होडीवर गेलेली, त्यामुळे पोहण्यात तरबेज. बाईंनी मासळी घेता घेता विषय काढला तेव्हा ती आधी पोटभर हसली.

"मास्तरनी, ह्या वयान? पोवायला शिकून तू काय करशील, जालं टाकशील?"

"शाळेतल्या पोरींना शिकवीन," बाई म्हणाल्या.

हिराबायचे हसू थांबले. ताराची गोष्ट तिलाही ठाऊक होती. "मंग उद्या सकालचे ये," ती म्हणाली. "पन रडायचा नाय."

मी कोरडे लुगडे घेऊन तलावाच्या पायरीवर बसण्याच्या कामावर होते, म्हणून सगळे डोळ्यांदेखत पाहिले. पहिले काही दिवस पाण्यात नुसते उभे राहायचे. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. घोट्यापर्यंतच्या पाण्यातही बाईंची बोटे माझ्या मनगटात रुतत. मग कमरेपर्यंत. मग तोंड पाण्यात घालून श्वास सोडायचा. नऊवारीचा काष्टा, जाड खादीची चोळी आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसल्याचा भाव. हिराबाय म्हणे, "पान्याशी भांडू नको, बाय. त्याला तुझ्याशी काय वैर नाय." हे पटायला बाईंना एक पावसाळा गेला.

मग भोपळा आला. आमच्याकडे पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला वाळवलेला पोकळ भोपळा बांधतात. तो तरंगतो आणि माणसाला वर धरतो. कोळ्यांच्या परड्यात असे भोपळे वेलावरच वाळत असत. हिराबायने मोठा भोपळा बांधला, तो जमला तेव्हा मधला, आणि मग अगदी लहान. एका सकाळी बाई लहान भोपळ्यावर तलाव ओलांडून पलीकडच्या पायऱ्यांना लागल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. हिराबायने त्यांच्या पाठीवरचा भोपळा सोडून हातात घेतला आणि उपडा केला, तर आतून पाणी सांडले. तिने गुपचूप त्याला भोक पाडून ठेवले होते. "बग मास्तरनी," ती म्हणाली, "भोपल्याचा काय बी जोर नव्हता. तू तुझी तू आलीस."

बाईंना आनंद झाला नाही. त्या पायरीवर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "हिराबाई, तू मला फसवून पलीकडे आणलंस."

"आमचे बापान आमाला असंच शिकिवलं," हिराबाय दुखावून म्हणाली.

"तू लेकरू होतीस. मी जाणती बाई आहे. मी तरले हे खरं, पण ते मला ठाऊक नव्हतं. उद्या एकटी पाण्यात पडले तर मला काय आठवणार? भोपळाच आठवणार. मला तो माझ्या हाताने सोडायचाय, कळून."

खरे सांगते, त्या वेळी मला हा हट्ट वाटला. आलेली विद्या नाकारून कुणी मागे जाते का? पण बाईंनी दुसऱ्या दिवशी भोक नसलेला लहान भोपळा पुन्हा बांधून घेतला. एकच बदल केला. गाठ पाठीवर असते ती पुढे, छातीवर घेतली, आणि तीही एका हाताने सुटणारी सुरगाठ. पुढे कित्येक आठवडे त्या तलावाच्या मध्यावर जात, गाठीला हात लावीत आणि तशाच परत येत. हिराबाय कंटाळून पायरीवर पान खात बसे. एका सकाळी मध्यावर पोचल्यावर बाईंनी गाठ ओढली. भोपळा सुटून वाऱ्याने एकीकडे गेला. बाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिले, वळल्या आणि आमच्याकडे आल्या. हिराबायने पान थुंकले आणि म्हणाली, "आता झाली."

त्या दिवशी मला एस्तरबाईंचे शिकवणे समजले. शिकणाऱ्याला आपण कुठे आहोत हे ठाऊक असले पाहिजे. पुढची पायरी लहान असावी, पण ती त्याची त्याने चढावी. माझ्या हजेरीच्या बाबतीतही त्यांनी हेच केले होते. फरक इतकाच, की माझ्या वेळी पाणी नव्हते.

मुलींचा वर्ग सुरू करायला मात्र पाण्याहून अवघड जागा पार करावी लागली, ती म्हणजे शाळेची समिती. अध्यक्ष गिरणीमालक, माणूस सज्जन, पण लोक काय म्हणतील याची त्यांना सर्दीसारखी खोड. "बाई, मुलींना पोहायला शिकवणं हे शाळेचं काम नव्हे," ते म्हणाले.

"मग कुणाचं?" बाईंनी विचारले. "आई शिकवू शकत नाही, कारण तिला येत नाही. बाप शिकवणार नाही, कारण त्याला लाज वाटते. तारा आपल्या शाळेची होती. पुढची मुलगीही आपलीच असेल. तिच्या घरी जाऊन काय सांगायचं ते समितीने आज ठरवावं, म्हणजे मला सोपं जाईल."

शेवटी रविवारी सकाळी, घाटावर पुरुषमाणूस येणार नाही या अटीवर, परवानगी मिळाली. ती अट हिराबायने अमलात आणली. मासळीची पाटी आडवी ठेवून ती वाटेवर बसे, आणि कुणी रेंगाळला तर त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करी. तलावाकडचा रस्ता रविवारी इतका मोकळा कधीच नसे.

पहिल्या दिवशी तीन-चारच मुली आल्या, त्याही बाईंच्या धाकाने. बाई त्यांच्याबरोबर पाण्यात उतरत. भोपळ्याची गाठ पुढेच असे, आणि नियम एकच: "सोड" असे कुणी कुणाला म्हणायचे नाही. काही मुलींनी पावसाळ्याआधीच भोपळा सोडला, काहींना वर्ष लागले. मुलींबरोबर मीही शिकू लागले, पण मधला भोपळा सोडून लहान बांधायची माझी हिंमत अजून झालेली नाही, आणि एवढ्या वर्षांत बाईंनी मला त्याबद्दल एका शब्दाने विचारलेले नाही. विचारले असते तर बरे झाले असते, असे कधी कधी वाटते.

कुसुम नावाची मुलगी प्रथम स्वतःच्या बळावर तलाव ओलांडून गेली, त्या संध्याकाळी बाईंनी घरी मलिदा केला. गूळ-खोबरे घातलेले पोहे, वर फळांच्या फोडी. नवस फेडताना त्यांच्याकडे हा करतात. मुली तर गेल्याच, पण पनवेलला माझ्याकडे राहायला आलेली माझी आईही आली. याचे नवल त्यालाच कळेल ज्याने माझ्या आईचे सोवळे पाहिले आहे. त्याआधी मला विषमज्वर झाला होता, तेव्हा बाई रोज पेज घेऊन येत. आईने प्रथम त्यांना पडवीत बसवले. बाई विनातक्रार पडवीत बसल्या. काही दिवसांनी आई स्वतःच म्हणाली, "आत या, वारा आहे." मग माजघरात. मी हिंडूफिरू लागले तोवर दोघी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून अंबाडीची भाजी निवडत होत्या. मलिद्याचे पोहे खाताना आई म्हणाली, "यात थोडी वेलची जास्त चालेल." हा आमच्या आईचा सर्वांत मोठा सन्मान.

वर्ग वाढला, पण यमुनाबाईंच्या घरून कुणी आले नाही. त्यांनी तलावाची वाटच सोडली होती. धुण्याची कामे टाकून त्या भात सडण्याच्या कामाला जाऊ लागल्या, आणि घरचे पाणी लांबच्या विहिरीवरून आणीत. ताराच्या पाठची मुलगी मंजू, तिला तर तलावाकडे बघायचीही बंदी. वर्गाला नावे ठेवणारे तेव्हा गावात पुष्कळ होते. मी एकदा बाईंना सुचवले, "ताराची बहीण आली, तर सगळ्यांची तोंडं बंद होतील." बाई माझ्यावर चिडल्या, त्या एवढ्या वर्षांत एकदाच. "त्या बाईच्या दुःखाची मला जाहिरात करायची नाही," त्या म्हणाल्या. "तिला यायचं तेव्हा ती येईल. न आली तर तोही तिचा हक्क."

यमुनाबाई आल्या त्या पुढे बऱ्याच वर्षांनी, मंजू सहावीत असताना. पोरीचा दंड धरून घाटाच्या वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या. "बाई, हिला शिकवा," त्या म्हणाल्या. "पोर आयकत नाय, चोरून तलावाव येतं. मना पानी बघवत नाय. पन शिकवा."

बाईंनी "बरं" म्हटले, आणखी काही नाही. मंजूला पाण्याच्या कडेला उभे केले. यमुनाबाई वरच्या पायरीवर बसल्या त्या पाण्याकडे पाठ करून. मुलींचा आवाज चढला की त्यांचे खांदे आखडत. दर रविवारी त्या येत आणि तशाच बसत. मंजू गुडघ्यापर्यंत गेली, कमरेपर्यंत गेली, तिला मोठा भोपळा बांधला. मग एका रविवारी यमुनाबाई अर्ध्या वळून बसल्या. मग समोर तोंड करून, पण डोळ्यांवर पदर धरून. मग पदर गेला. मग एक पायरी खाली. बाईंनी त्यांना काही सांगितले नाही आणि आम्हालाही सांगू दिले नाही. त्या आपल्या मुलींना शिकवत राहिल्या, आणि घाटावर एक बाई आपली आपण शिकत राहिली.

मंजूने गाठ ओढली त्या सकाळी यमुनाबाई शेवटच्या पायरीवर होत्या, पावले पाण्यात. पोर भोपळ्याशिवाय परत येईपर्यंत त्यांनी डोळे मिटले नाहीत. मंजू पायरीला लागली तेव्हा त्यांनी तिला नाही, बाईंना धरले. दोघी रडल्या. आम्हीही रडलो, त्यात लपवण्यासारखे काही नाही.

आज मंजू शिक्षिकेचा अभ्यासक्रम करते आहे आणि रविवारी लहान मुलींना पाण्यात उतरवते, कारण बाईंचे गुडघे आता कुरकुर करतात. आमच्या घाटावर तारानंतर पुन्हा तसा प्रसंग आला नाही. शेवाळावर पाय अजूनही सरकतात. सरकलेली मुलगी स्वतःच वर येते, आणि आईच्या शिव्या खाते.

यंदा बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्या शाळेतून निवृत्त होत आहेत. त्यांचे भाऊ मागेच इस्राएलला गेले, भाचरे तिकडेच वाढली. बाईही जाणार अशी गावात बोलवा आहे. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "आधी टायपिंग पुरं होऊ दे. अजून डाव्या हाताची करंगळी ऐकत नाही." साठाव्या वर्षी त्या बाजारातल्या टायपिंगच्या वर्गात पोरसवदा मुलांच्या रांगेत बसतात, आणि शिकवणाऱ्याला म्हणतात, "परत दाखवा." त्यांच्या प्रकृतीची चिंता करणाऱ्यांनी एकदा तिथे डोकावून यावे.

अशा गौरवग्रंथात मानकऱ्याला दीर्घायुष्य चिंतण्याची रीत आहे, आणि ते चिंतायला मी कचरत नाही. पण शब्द निवडायला बसले तेव्हा माझे मलाच ते पुरेसे वाटेनात. म्हणून यमुनाबाईंकडे गेले. त्या ओसरीवर तांदूळ पाखडत होत्या. मी म्हटले, "बाईंच्यावर लिहिते आहे. तुमच्याकडून काय लिहू?"

त्यांनी सुपातले खडे वेचून टाकले. मग सूप मांडीवर थांबवून म्हणाल्या, "आमी काय लिवनार? पन येवढं लिवा. माझे तारीचं जे आयुष्य रायलं, ते सगलं बाईना लागूं दे."

यापेक्षा मोठी शुभेच्छा माझ्या पदरी नाही. हीच मी एस्तरबाईंच्या पायांशी ठेवते.